शाब्बास म्हणणाऱ्या मॅडम

शाळेची प्रार्थना आटपली की वच्छलाबाईचे हात आपसूक मंद व्हायचे. पोरांच्या खिचडीचं आधण चुलीवर चढलेलं असायचं, डाळ परातीत पसरलेली असायची, अन् बाई मान भिंतीकडं कलती करून बसायची. त्या वेळी तिला कुणी हाक मारलेली खपायची नाही. स्वयंपाकाची पत्र्याची खोली अन् पहिली-दुसरीचा वर्ग यांच्यात एकच भिंत होती, अन् भिंतीत वर हातभर झरोका. त्या झरोक्यातून आधी नुसती खरखर यायची. मग आवाज यायचा.

"नमस्कार बाळांनो! कसे आहात सगळे?"

"मजेत!" पलीकडं पोरं गलका करायची.

"शाब्बास!"

अलीकडं वच्छलाबाई ओठातल्या ओठात म्हणायची, "मजेत हाव, माय."

तो आवाज तिच्या लेकीचा, प्रांजलीचा होता. अन् प्रांजली गेल्या श्रावणात तापानं गेली होती.

गेली ती गेली, पण आवाज शाळेतल्या संगणकात ठेवून गेली. रोज सकाळी बटण दाबलं की पोरगी बोलायला लागायची. तेच बोल, तेच हसणं, बोलता बोलता घसा साफ करायची तीच सवय. गावानं आधी आधी कानावर हात ठेवले. बाया शाळेपुढून जाताना पदर तोंडावर घ्यायच्या. मग सवय झाली. माणसाला कशाची सवय होत नाही? दुष्काळाची झाली, टँकरची झाली, तशी या आवाजाचीही झाली.

गाव दौलताबादच्या अल्याड, किल्ला पाठीशी घेऊन बसलेलं. पावसानं तीन वर्षं पाठ फिरवली होती. विहिरींच्या तळाला गाळसुद्धा ओला राहिला नव्हता. एकीकडं पाणी नाही म्हणून रानं पडीक, अन् दुसरीकडं शहर आपलं फुगतच चाललेलं. औरंगाबादकडून खांब रोवत, पांढऱ्या फक्क्या मारत प्लॉटवाले पार गायरानाच्या कडेपर्यंत आले होते. जिथं मुंजाबाची मेंढरं चरायची तिथं आता 'स्वप्ननगरी'ची कमान उभी होती. कमानीच्या आत एक घर नाही, झाड नाही, नुसता फुफाटा. मुंजाबा म्हणजे वच्छलाबाईचा नवरा. पिढीजात मेंढरं राखणारा माणूस. दिवाळी झाली की कळप घेऊन पैठणच्या अंगाला, धरणाचं पाणी ओसरलेल्या गाळपेरावर उतरायचा. अन् बाई इकडं शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

आता हा आवाज त्या डब्यात गेला कसा, तेही सांगायला पाहिजे.

शाळा डिजिटल करा असा वरून रेटा आला. गावानं वर्गणी काढली. संगणक आला, भिंतीवर चित्र पाडणारं यंत्र आलं, बॅटरी आली, कर्णे आले. मुख्याध्यापक बद्रीनाथ सर रिटायर व्हायला टेकलेले. त्यांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, अन् बायकोचं जुनं लुगडं त्याच्यावर असं झाकलं की दसऱ्यापर्यंत त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. "बिघडलं तर भरून कोण देणार?" एवढंच म्हणायचे. माऊसला हात लावायचा म्हणजे सरांच्या कपाळावर घाम. मग शिक्षकांसाठी शहरात प्रशिक्षण निघालं, तेव्हा सरांनी आपल्या जागी प्रांजलीला धाडून दिलं.

प्रांजली डी.एड. होऊन घरी बसलेली. नोकरभरती बंद. शाळेला शिक्षक कमी म्हणून गावानं मानधनावर तिला वर्गावर घेतलेलं. काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती आठवडाभर शहरात गेली अन् येताना डोळ्यांत नवंच काहीतरी घेऊन आली.

"आई, पाठ आपणच बनवायचे असतेत," ती भाकरी खाता खाता सांगायची. "विकतचे पाठ पुण्या-मुंबईच्या पोरांचे. आपल्या पोरांला लिफ्ट काय म्हाईत, अन् मॉल काय म्हाईत? मी मेंढरांवर वजाबाकी शिकवणार हाय. अन् हे बघ, नुसतं बोलून भागत नाय. प्रश्न इचारला की थांबायचं. पोरांला बोलायला जागा सोडायची."

"अन् ते काय बोलले हे त्या डब्याला कसं कळावं?" वच्छलाबाईनं विचारलं होतं.

"नाय कळत. म्हणून सगळ्यांलाच शाब्बास म्हणायचं. पोरगं खूश व्हतं गं." अन् पोरगी खो खो हसली होती.

पाठ भरायची ती घरीच. शाळेत पत्रे वाजायचे, गल्लीत डंपर धडधडायचे. मग प्रांजलीनं युक्ती काढली. घरातली सगळ्यात जाड गोधडी अंगावरून घ्यायची, आत मोबाईल धरायचा अन् बोलायचं. बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणे. भर दुपारी पोरगी गोधडीत! बाहेर आली की घामानं निथळायची. गोधडी हलताना दिसली की वच्छलाबाई कोंबड्या हाकलायची, कुत्र्याला धोंडा मारायची, शेजारणीला दारातूनच खुणेनं परत लावायची. पोरगी पाठ भरतीय म्हणजे घरात देव बसल्यावाणी सगळे गपगार.

प्रांजलीच्या जागेवर दिवाळीनंतर सावनी मॅडम आल्या. शहरातल्या, औरंगपुऱ्यात राहणाऱ्या. आजोबा म्हणे पौरोहित्य करायचे, वडील बँकेत. स्कूटीवर डोक्याला स्कार्फ गुंडाळून यायच्या अन् आल्या आल्या तोंडावर पाणी मारायला जायच्या, तर रांजणात पाणी नसायचं. पहिल्या दिवशी वर्गात त्यांनी प्रश्न विचारला, तर पोरं गप्प. भिंतीवर चित्र लागलं, आवाज आला, तशी पोरं पोपटासारखी बोलायला लागली.

मॅडमना ते लागलं. लागणारच. आठ-पंधरा दिवस दम खाऊन त्या एकदा स्वयंपाकखोलीत आल्या. चुलीच्या धुरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या.

"मावशी, एक बोलू? राग मानू नका."

"बोला की, म्याडम."

"प्रांजलीताईंनी पाठ फार छान केलेत. मला इतके छान येणार नाहीत. पण पोरांना आता त्याचं व्यसन लागलंय. उत्तर काहीही देतात. काल मुद्दाम ऐकलं मी. दहातून तीन गेले किती उरले, तर एकजण सात म्हणाला, एक चार, एक म्हणाला 'भजी'. आणि सगळ्यांना शाब्बास! ते यंत्र ऐकत नाही हो, मावशी. मला वाटतं, रोज नको. आठवड्यातून एकदा लावावं."

वच्छलाबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. "तुमाला पोरं सांभाळंनात म्हणून माझ्या लेकीचं तोंड बंद करता व्हय?" ती म्हणाली. असं ती कुणाला कधी बोलली नव्हती.

मॅडमचा चेहरा उतरला. "तसं नाही मावशी," एवढं म्हणून त्या गेल्या. बद्रीनाथ सरांनीही मॅडमचं चालू दिलं नाही. सरांना यंत्राची आता भीती राहिली नव्हती. एक बटण दाबलं की दोन वर्ग सांभाळले जातात, हे त्यांना कळून चुकलं होतं. बटण दाबायचं, अन् टँकरच्या नोंदीला, तहसीलच्या बैठकीला, कुठंही जायला मोकळं.

शिमग्याच्या सुमाराला मुंजाबा कळप घेऊन माघारी आला. दरवर्षी मिरगाच्या तोंडावर येणारा माणूस ऐन उन्हात दारात उभा राहिला, म्हणजे काय झालंय ते सांगायची गरज नव्हती. तिकडंही उभे ऊस वाळले होते. निम्मी मेंढरं वाटेतच बसली, ती पुन्हा उठली नाहीत. उरलेल्यांच्या पाठीची हाडं लोकरीतून वर आलेली.

मुंजाबा आला तरी नवरा-बायकोत बोलणं फारसं नव्हतं. लेक गेली तेव्हा तो पैठणकडं होता. पावसाळा असून पाऊस नव्हता, म्हणून परतला नव्हता. निरोप मिळाला, धावत आला, तोवर राख सावडून झालेली. त्यानं लेकीचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून तो शाळेवरून जायचं टाळायचा. मेंढरं पाण्याला न्यायची तर ओढ्याच्या लांबच्या वाटेनं न्यायचा, पण शाळेसमोरून नाही.

"एक डाव येऊन ऐका तर," वच्छलाबाई म्हणायची. "तुमच्याच मेंढरांचा हिशोब सांगती ती. 'आमच्या दादांच्या कळपात' म्हणती."

"नगं मला."

"बापाचा जीव हाये का दगड?"

मुंजाबा उठून अंगणात जायचा. चिलीम भरायचा.

पण एक दिवस मेंढरं बुजली अन् उधळून थेट शाळेच्या मागं आली. त्यांच्या मागं मुंजाबा. वर्गात तोच पाठ चालू होता. वच्छलाबाईनं खोलीच्या दारातून पाहिलं, मुंजाबा वर्गाच्या मागल्या खिडकीखाली उभा राहिलाय, काठीला दोन्ही हात धरून.

"आमच्या दादांच्या कळपात दहा मेंढ्या होत्या. त्यातल्या तीन विहिरीवर गेल्या. मग मागं उरल्या किती? सांगा बरं!"

अन् आवाज थांबला. पोरं ओरडली. मुंजाबाचे ओठ हलले. त्यानं काय उत्तर दिलं ते वच्छलाबाईला ऐकू आलं नाही.

"शाब्बास!" लेक म्हणाली.

मुंजाबाला कुणीतरी थोबाडीत मारल्यागत झालं. तो वळला अन् मेंढरं तिथंच टाकून चालायला लागला. वच्छलाबाई मागं धावली, तेव्हा बांधाशी थांबला.

"म्हस विते अन् रेडकू मरतं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली होता. "तेव्हा आपण काय करतो? त्याच्या कातड्यात भुसा भरतो, अन् म्हशीपुढं उभं करतो. ती त्याला चाटती, पान्हा सोडती. दूध आपण काढून घेतो. म्हशीला वाटतं लेकरू हाये. तू काय करायलीस, वच्छले? सगळी शाळा मिळून काय करायलेत?"

वच्छलाबाईला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला, इतका राग आला, की हाताशी दगड असता तर तिनं भिरकावला असता. "तुमी तोंड पाहिलं नाय म्हणून माझं ऐकणंबी सोसंना तुमाला!" ती किंचाळली. मुंजाबा बांधावरून उतरला. मेंढरं गोळा करायला परत फिरला.

नंतर मॅडमना प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्या शिक्षकांना पाठ बनवायला शिकवणार होते. जायच्या आदल्या दिवशी मॅडम सरांना म्हणाल्या, "सर, मी नाही तोवर वर्गात कुणी मोठं माणूस तरी बसवा. नुसत्या यंत्रावर सोडू नका. ऊन फार आहे." सरांनी मान डोलावली. मान डोलावण्यात सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मॅडम गेल्या त्या दिवशी टँकर उशिरा आला. उजाडल्यापासून बाया-पोरं हंडे घेऊन उन्हात ताटकळलेली. टँकर आला तेव्हा अशी झोंबाझोंबी झाली की पाइप फाटला अन् निम्मं पाणी फुफाट्यात गेलं. सरांना बोलवायला माणूस आला. सरांनी बटण दाबलं, "गप बसून ऐका रे," म्हणून दम दिला अन् गेले.

वच्छलाबाई चुलीपाशी होती. पत्रा तापून खोलीत भट्टी झालेली. झरोक्यातून लेकीचा आवाज यायला लागला अन् तिला नेहमीसारखं बरं वाटलं. डोळे मिटून तिनं डोकं भिंतीला टेकलं.

"आता कोण सांगेल बरं? हात वर करा!"

थांबणं. पलीकडं काहीतरी बारीक आवाज झाला. पोरं हसली.

"शाब्बास! अगदी बरोबर!"

वच्छलाबाईही हसली. पोरं हसली की तिला वाटायचं, लेकीचा वर्ग रंगलाय.

"आता पुढचा प्रश्न. नीट ऐका हं." पुन्हा थांबणं. या वेळी पोरांचा गलका वेगळा होता. कुणीतरी बाक सरकवला. कुणीतरी रडल्यासारखं बोललं. पण वच्छलाबाईचे कान लेकीच्या पुढच्या शब्दाकडं लागलेले. आता ती घसा साफ करील, आता हसंल. अन् तशीच ती हसली. "शाब्बास! किती हुशार माझी पाखरं!"

पाठ संपला. खरखर राहिली. तरी पोरं बाहेर पळाली नाहीत, तेव्हा कुठं बाईनं डोळे उघडले. ती पदर खोचून वर्गात गेली.

पोरं भिंतीला चिकटून उभी होती. मधल्या बाकाखाली गल्लीतल्या कडूबाची नात गिरजा पडलेली. दुसरीतली पोर. डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे, अंग निखाऱ्यासारखं. वर भिंतीवर चित्र तसंच चमकत होतं. दहा मेंढ्या, एक विहीर.

"काय झालं रे! मला हाक मारायची नाय व्हय!" वच्छलाबाईनं पोरीला उचललं.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग एक पोरगं म्हणालं, "पाठ चालू व्हता, आजी. पाठ चालू असताना उठायचं नाय."

वच्छलाबाई पोर कडेवर घेऊन उन्हात पळाली. टँकरपाशी गर्दीला ढोसरत शिरली, कुणाच्या तरी हंड्यातलं पाणी पोरीच्या डोक्यावर ओतलं. कुणीतरी शिवी दिली, मग पोर बघून गप्प झालं. प्लॉटवाल्यांची गाडी कमानीपाशी उभी होती. त्यात घालून पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. ऊन लागलं होतं. पहाटेपासून पोर टँकरच्या रांगेत उभी, पोटात काही नाही, अन् तशीच शाळेत आलेली. आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

वच्छलाबाई कॉटच्या पायथ्याशी खाली बसून होती. संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले. कडूबानं तिच्या कपाळावर हात ठेवला. "पोरी, चक्कर यायली व्हती तर सांगायचं नाय का कुणाला?"

"सांगितलं की," गिरजा म्हणाली. जीभ जड झालेली. "मी हात वर केला. म्हणलं, मॅडम, मला गरगरायलंय, पाणी पायजे." तिनं ओठ ओले केले. "मॅडम शाब्बास म्हणल्या. मग मी परत म्हणलं. परत शाब्बास म्हणल्या."

कडूबानं वच्छलाबाईकडं पाहिलं नाही. त्यानं पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली. वच्छलाबाईला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाईनं सरांच्या घरून किल्ली मागून आणली. "झाडझूड करते," म्हणाली. सर रात्रीपासून खजील होऊन बसलेले, त्यांनी मुकाट किल्ली दिली. शाळेत जाऊन तिनं बटण दाबलं. सर रोज दाबताना तिनं टाचा उंचावून झरोक्यातून कितीदा पाहिलेलं, तेवढं तिला येत होतं. पाठ एकामागून एक चालू झाले. ती बाकावर बसली अन् शेवटच्या पाठापर्यंत बसून राहिली.

शेवटचा पाठ तिचा लाडका, पोरगी गेल्यावर तिच्या मोबाईलमधून काढून घेतलेला. त्यात लेक सावकाश बोलते. फार हळू, फार मायेनं. सगळ्यांनी तो पाठ वाखाणला होता. प्रांजली मॅडमचा हात शेवटी चांगलाच बसला होता, असं सरसुद्धा म्हणाले होते. वच्छलाबाईनं तो शंभरदा ऐकला असेल. पण दरवेळी ती पुढच्या शब्दाची वाट बघत ऐकायची. आज तिनं शब्द सोडून दिले अन् मधलं ऐकलं.

अन् तिला धाप ऐकू आली.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी पोरगी श्वास ओढत होती. दात एकमेकांवर आपटत होते, बारीक, उंदरानं कुरतडल्यासारखे. 'बाळांनो' म्हणताना जीभ अडखळत होती. ती हळू बोलत नव्हती. तिला बोलवत नव्हतं.

वच्छलाबाईला ती दुपार जशीच्या तशी दिसली. पोरगी गोधडी पांघरून कोपऱ्यात. गोधडी हलत होती. बाईनं कोंबड्या हाकलल्या. कुत्र्याला धोंडा मारला. शेजारीण आली तर तिला ओठावर बोट ठेवून परत लावलं. पोरगी पाठ भरतीय. दिवस कलला तरी गोधडी हलत होती, अन् बाई कौतुकानं दारात बसून राहिली. आतमध्ये पोरीला हुडहुडी भरली होती. दिवेलागणीला गोधडी काढली तेव्हा अंगावर लाही फुटेल एवढा ताप होता. अन् मग काय उरलं होतं?

"अगं माझ्या माय!" वच्छलाबाई रिकाम्या वर्गात बोलली. "अगं, मी दारातच व्हते की गं!"

"शाब्बास!" वरून लेक म्हणाली.

बाई बाकावरून उठली. इतके दिवस ज्या आवाजाला कवटाळून ती जगली, त्याचं तिला पहिल्यांदा भ्याव वाटलं. बटण कुठलं दाबायचं हेही सुचंना. तिनं भिंतीतला खटकाच खाली केला अन् बाहेर येऊन पायरीवर बसली. घरी गेल्यावर मुंजाबानं तिचं तोंड पाहिलं. पाण्याचा तांब्या तेवढा पुढं केला.

मॅडम प्रशिक्षणाहून आल्या त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब शाळा बघायला आले. गिरजाचं प्रकरण सरांनी वर कळवलं नव्हतं. ऊन लागलं, दवाखान्यात नेलं, बरी झाली, त्यात काय कळवायचं? साहेब माणूस चांगला होता. खुर्ची नाकारून पोरांच्या बाकावर बसला. गावकरी दारा-खिडक्यांतून डोकावत होते. वच्छलाबाईला मुद्दाम आत बोलावलं होतं, ती दाराशी पदर सावरून उभी. ओट्यावर मुंजाबा उकिडवा बसलेला. साहेब येणार म्हणून कडूबानं त्याला ओढूनच आणलं होतं.

सरांनी बटण दाबलं. "नमस्कार बाळांनो!"

साहेबांचा चेहरा खुलला. पाठ संपेस्तोवर ते मान हलवत राहिले. मग उठून म्हणाले, "इतकं सुंदर काम मी जिल्ह्यात कुठं पाहिलं नाही. आपल्या बोलीत, आपल्या मेंढ्यांवर! हे एका गावात ठेवून कसं चालेल? तालुक्यातल्या सगळ्या शाळांना आपण हे पाठ देऊ. सुरुवातीला प्रांजलीताईंचा फोटो, त्यांचं नाव." ते वच्छलाबाईकडं वळले, हात जोडले. "आई, तुमची लेक आता गावोगाव शिकवील. तुमची हरकत नाही ना?"

सगळे तिच्याकडं बघून हसले. सरांनी मानेनं खुणावलं, हो म्हणा, हो म्हणा. दोन आठवड्यांमागं हेच कुणी म्हणालं असतं तर तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. प्रत्येक गावात आपली लेक बोलतीय. कुठल्याही शाळेपुढून जावं अन् लेकीनं नमस्कार म्हणावं. आईला आणखी काय पाहिजे?

समोरच्या बाकावर गिरजा बसली होती. दवाखान्यातून आल्यापासून वाळलेली. तिनं हात अर्धवट वर केला होता, अन् कुणाकडं बघावं हे न कळून भिंतीवरच्या चित्राकडं बघत होती.

"साहेब," वच्छलाबाई म्हणाली. "नगं."

"काय म्हणालात?"

"नगं, साहेब. बंद करा ते."

सर घाईनं पुढं आले. "वच्छलाबाई, अहो साहेब काय म्हणतात ते तरी..."

"मला समजलं, सर. समदं समजलं." तिनं पदर तोंडाला लावला नाही, मान खाली घातली नाही. "साहेब, माझी लेक लई गुणाची व्हती. तिनं जीव वतून हे केलं. पर हे पोरांचं ऐकत नाय. लेकरू मरायला टेकलं तरी हे शाब्बास म्हणतं. माझी लेक अशी नव्हती. तिला ऐकू यायचं." पुढचा शब्द तिनं आजवर कुणापाशी उच्चारला नव्हता. गेली म्हणायची, नाही म्हणायची, देवाघरी म्हणायची. "माझी लेक मेलीय, साहेब."

ओट्यावर मुंजाबानं डोक्याचा पटका काढून तोंडावर धरला. त्याचे खांदे हलायला लागले.

साहेब बाकावर परत बसले. सावनी मॅडम पुढं झाल्या अन् त्यांनी बटण बंद केलं. यंत्राचा पंखा थोडा वेळ फिरला, मग थांबला. "मावशी, हे जपून ठेवीन मी," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला पाहिजे तेव्हा." मग गिरजापाशी जाऊन खाली वाकल्या. "काय पाहिजे, बाळ?"

"पाणी," गिरजा म्हणाली. मॅडमनी आपली बाटली तिला दिली.

साहेब गेले. माणसं पांगली. मुंजाबा बायकोला घेऊन स्वयंपाकखोलीपर्यंत आला, तिला चुलीपाशी बसवलं, अन् मेंढरांना पाणी बघायला गेला. झरोक्यातून मॅडमचा आवाज यायला लागला. साधाच आवाज, जरा पातळ.

"दहातून तीन गेले. किती उरले? गिरजा, तू सांग."

"आठ."

"नाही गं, चुकलं. ये इकडं, बोटांवर मोज बघू."

वच्छलाबाईनं तांदूळ धुवायला घेतले. हात पाण्यात गेले, अन् एकदम तिला सोसवलं नाही. लेक गेल्यापासून साठलेलं सगळं वर आलं. भिंतीवर डोकं आपटून ती मोठ्यानं रडायला लागली, गाव ऐकेल असं.

पलीकडं मॅडमचं बोलणं मध्येच थांबलं. खडू टाकल्याचा आवाज झाला, अन् "गप बसा रे, मी आले," म्हणत चपला वाजत इकडं यायला लागल्या.